जुनी बोट, काळा धूर

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीचं इंजिन सहसा धूर मारत नाही. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी. त्या दिवसांत हर्णैला जा, मिरकरवाड्याला जा की सातपाटीला, बोटी वर घेतलेल्या असतात. जुनी बोट बघायला आलेल्या गिऱ्हाइकापुढे विकणारा थंड पाण्याचा पाइप जोडतो आणि इंजिन चालू करून दाखवतो. पहिल्या झटक्यात चालू होतं. ठेका एकसारखा असतो, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर काजळीसुद्धा लागत नाही. सौदा ठरतो. ऑगस्टात बोट पाण्यात उतरते, खाडीचं तोंड ओलांडते, नाखवा वेग वाढवायला सांगतो आणि मागे काळा लोट सुटतो. मग निदान ठरलेलं, ‘इंजिन डिझेल जास्त खातंय’, आणि त्यावरचा उपायही ठरलेला, ‘मेस्त्री, नोझल काढा.’

निदान चुकीचं नाही, पण ते अर्धंच आहे. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. जेवढं डिझेल आत गेलं तेवढं जाळायला हवा पुरली नाही, एवढंच तो सांगतो. डिझेल जास्त झालं की हवा कमी पडली, की दोन्ही ठीक असून इंजिनच्या गळ्यात झेपणार नाही असं ओझं बांधलंय, यातलं काही तो सांगत नाही. नव्या बोटीवर निदान कारखान्याचा हिशोब तरी जागेवर असतो. जुन्या बोटीवर आधीच्या मालकाने, त्याच्या मेस्त्रीने, कधीकधी त्याच्याही आधीच्या मालकाने फिरवलेले स्क्रू असतात. म्हणून माझं मत असं की जुन्या बोटीवर इंधनाकडे सगळ्यात शेवटी जावं. आधी ओझं बघावं, मग हवा, मग निकास आणि त्यानंतर नोझल.

किनाऱ्यावरची परीक्षा फसवते त्याचं कारण डिझेल इंजिनच्या रचनेतच आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. वेग कमी केला की हवाही कमी होते, आणि वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण जमेल तेवढं सांभाळलं जातं. साध्या डिझेल इंजिनाला अशी झडप नसते. प्रत्येक फेरीत सिलिंडर मावेल तेवढी हवा घेतो आणि गव्हर्नर फक्त डिझेल मोजून देतो. ओझ्याविना इंजिन नुसतं धडधडत असतं तेव्हा एका भाग डिझेलला ७० भाग किंवा त्याहून जास्त हवा मिळत असते. अशा वेळी हवेत निम्मी तूट असली तरी धूर निघणार नाही. पूर्ण ओझ्यावर हेच प्रमाण विशीच्या आसपास येतं आणि त्याखाली घसरू लागलं की काजळी सुटते. थोडक्यात, बोट पाण्यात, पंखा फिरतोय आणि इंजिन पुऱ्या ओझ्याखाली आहे, असं असल्याशिवाय या दुखण्याची परीक्षाच होत नाही.

रंगाची गोष्ट एका परिच्छेदात उरकता येते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तेव्हा रिंगा, व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचं सील बघावं. पांढरा धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. थंड इंजिन सकाळी काही वेळ पांढरं फुंकतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. इंजिन गरम होऊनही ते थांबत नसेल तर कॉम्प्रेशन, टायमिंग आणि सिलिंडर हेडच्या गॅस्केटकडे वळावं. आपला विषय काळ्याचा.

ओझं म्हणजे मुख्यतः पंखा. बोटीच्या पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या पटीत वाढते, हे सूत्र ऐकायला कोरडं आहे, पण कोकणातल्या निम्म्या काळ्या धुराचं मूळ तिथेच असावं असं मला वाटतं. समजा जुनं संथ इंजिन काढून त्याजागी जास्त आरपीएमचं, ट्रकवरून बोटीत आलेल्या घराण्यातलं इंजिन बसवलं. गिअरबॉक्स तोच, पंखाही तोच, कारण दोन्ही धड आहेत आणि पैसे वाचतात. शाफ्ट पूर्वी मिनिटाला ५०० फेरे घ्यायचा, आता त्याने ६०० घ्यावेत अशी अपेक्षा असते. फेरे वाढले २० टक्के, पण १.२ चा घन १.७३ होतो. म्हणजे त्याच पंख्याला आता ७३ टक्के जास्त ताकद हवी. एवढी ताकद नव्या इंजिनात नसेल तर ते त्या आरपीएमला पोचणारच नाही. गव्हर्नर मात्र ‘अजून पोचलो नाही’ म्हणून पंपाला पूर्ण डिझेल सोडायला लावत राहणार. पंप निर्दोष, नोझल निर्दोष, तरी धूर काळा.

पंख्याच्या बोंडावर, म्हणजे मधल्या भागावर, दोन आकडे ठोकलेले असतात. ‘३६ बाय २४’ म्हणजे व्यास ३६ इंच आणि पिच २४ इंच. जुनी बोट घेताना हे आकडे इंजिनच्या पाटीवरच्या आरपीएमशी आणि गिअरच्या रिडक्शनशी ताडून बघणं हे पहिलं काम. बोट किनाऱ्यावर असल्याचा एवढा एक फायदा आहे की पंखा डोळ्यांसमोर असतो. पाती वाकलेली आहेत का, कुणी वेल्डिंग करून वाढवली आहेत का, पंखा दुरुस्तीवाल्याने पिच बदलून जुना आकडा तसाच ठेवलाय का, हे तेव्हाच दिसतं. हलक्या वेगवान बोटींमध्ये पिच एक इंचाने घटवला की इंजिनचे साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात असा ठोकताळा आहे. जड मासेमारी बोटीला तो जसाच्या तसा लावू नये, पण दिशा तीच.

ट्रॉलरची गोष्ट आणखी वेगळी. मोकळी बोट आठ-नऊ नॉटने पळते तेव्हा पंख्याकडे पाणी आपणहून धावत येतं आणि पात्यांवरचा भार हलका होतो. तीच बोट जाळं ओढत तीन नॉटने जाते तेव्हा त्याच फेऱ्यांना पंखा इंजिनकडून जास्त जोर मागतो. म्हणजे मोकळ्या फेरीत स्वच्छ चालणारं इंजिन जाळं टाकल्यावर काळं फुंकू शकतं, आणि त्यात इंजिनचा काही दोष नसतो. गिलनेटची बोट विकत घेऊन कुणी तिला ट्रॉलर केलं आणि पंखा तसाच ठेवला तर हे हमखास होणार. विकणारा ‘माझ्याकडे कधी धूर नव्हता’ म्हणतो ते अशा वेळी खरंही असतं. बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढला असेल तरी परिणाम याच जातीचा. वेग कमी, ओझं जास्त. हंगामाच्या सुरुवातीला नसलेला धूर फेब्रुवारी-मार्चात हळूहळू वाढत गेला असेल तर मी इंजिनला हात लावण्याआधी तळ घासायला सांगेन.

हे सगळं तपासायचं साधन एकच, आरपीएमचा काटा. आणि जुन्या बोटीवरचा काटा खोटं बोलतो. डॅशबोर्डवर २,००० दिसतात, प्रत्यक्षात १,८०० असतात, आणि त्यावर सगळं निदान उलटं फिरतं. पुलीवर चमकती पट्टी चिकटवून हातातल्या डिजिटल टॅकोमीटरने फेरे मोजणं हे दोन मिनिटांचं काम आहे. ते उपकरण नोझलच्या एका संचापेक्षा स्वस्त पडतं, तरी किती बोटींवर आधी नोझल बदलले जातात! नियम सोपा आहे. पूर्ण ओझ्यावर, हँडल पूर्ण पुढे ढकलून, इंजिन पाटीवरच्या आरपीएमला किंवा किंचित वर पोचलं पाहिजे. पोचत असेल आणि तरी धूर असेल तर हवा आणि इंधन बघा. पोचत नसेल तर ओझं आधी निकालात काढा.

आता हवा. सहा लिटरचं चार स्ट्रोक इंजिन २,००० आरपीएमला मिनिटात एक हजार वेळा आपलं पोट भरतं, म्हणजे ढोबळ मानाने सहा हजार लिटर हवा दर मिनिटाला. टर्बो असेल तर त्याहून जास्त. एवढी हवा इंजिनच्या खोलीत येते कुठून? मूळ बोट बांधणाऱ्याने झडपा ठेवलेल्या असतात. पुढे कुणीतरी पावसाचं पाणी येतं म्हणून एकीवर फळी ठोकतो, दुसरीसमोर जाळ्यांचा ढीग पडतो, तिसरीतून आवाज येतो म्हणून केबिन दुरुस्त करताना ती बुजवली जाते. इंजिन मग जिथून मिळेल तिथून श्वास ओढतं. याची ओळख फार साधी आहे. बोट पुऱ्या वेगात असताना इंजिनखोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडून बघा. दार आतून कुणी धरून ठेवल्यासारखं जड लागलं, आणि सोडल्यावर आपोआप धाडकन मिटलं, तर आत हवेची ओढ आहे. मग डेकवरचं झाकण उघडं टाकून तीच फेरी पुन्हा मारायची. आरपीएम पन्नासने वाढले आणि धूर विरळ झाला तर पान्याला हात न लावता निदान झालं.

हवा नुसती पुरेशी असून भागत नाही, ती थंडही हवी. बाहेर ३० अंश आणि इंजिनखोलीत ६० अंश असेल तर त्याच घनफळातल्या हवेत प्राणवायू सुमारे नऊ टक्क्यांनी कमी भरतो. सुका एक्झॉस्ट पाइप खोलीतूनच वर जात असेल आणि त्यावरचं आवरण जुनं होऊन गळून पडलं असेल तर हे साठ अंश सहज गाठले जातात. ते आवरण मेस्त्रीच्या यादीत कधीच नसतं. एअर फिल्टर मात्र असतो आणि असायला हवा. कागदी फिल्टर खारट दमटपणाने आणि ऑइलच्या वाफेने आवळून येतो. ऑइल बाथ फिल्टरात उत्साहाने खुणेच्या वर तेल भरलं तरी हवेचा रस्ता अडतो. टर्बोच्या इंजिनात रबरी होजचे क्लिप सैल होणं, आफ्टरकूलरच्या नळ्यांवर तेलकट थर बसणं, टर्बोच्या पात्यांवर काजळी चढणं, या तिन्हींनी दाब घटतो. क्लिप आवळायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो, म्हणून सुरुवात तिथून करावी. टर्बो इंजिन वेग वाढवताना क्षणभर काळं फुंकून स्वच्छ होत असेल तर तो टर्बोला वेग घ्यायला लागणारा वेळ आहे, आजार नाही. तसंच तासन् तास मंद चालवल्यानंतर पहिली काही मिनिटं निघणारा धूर म्हणजे साठलेली काजळी साफ होणं.

आत गेलेली हवा बाहेरही पडली पाहिजे. समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडणाऱ्या इंजिनांत जिथे गरम वायू आणि पाणी एकत्र येतात तो कोपर जुन्या बोटीवर संशयिताच्या पहिल्या पिंजऱ्यात उभा करावा. काजळी, मीठ आणि गंज यांचा त्यात दगडासारखा थर बसतो. बाहेरून तो रंग मारलेला, तुकतुकीत दिसतो. काढून आत बोट घातलं तर तीन इंची भोकातून कधीकधी अंगठाही जात नाही. रबरी एक्झॉस्ट होजचा आतला पदर सुटून झडपेसारखा आडवा येणं हाही त्यातलाच प्रकार. बाहेरून काही कळत नाही आणि फक्त जोरात चालवल्यावर घुसमट होते.

एवढं सगळं झाल्यावर डिझेल. नोझलची बदनामी अगदीच विनाकारण नाही. टपकणारा नोझल धुक्यासारखा फवारा मारण्याऐवजी थेंब सोडतो आणि थेंब पूर्ण जळत नाही. पण टपकणारा नोझल बहुधा मंद गतीलाही धूर आणि खडखड दाखवतो, आणि एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट किंचित सैल करून बघितल्यास कोणता सिलिंडर दोषी ते कळतं. ज्याचा नट सैल केल्यावर धूर घटतो तो. मात्र हे साध्या यांत्रिक पंपाच्या इंजिनापुरतं. कॉमन रेल इंजिनवर हा प्रयोग करू नये, तिथला दाब हाताच्या चामडीतून आरपार जाईल इतका असतो.

पंपाचं प्रकरण जास्त नाजूक. इंजेक्शन पंपाच्या कमाल डिझेलच्या स्क्रूवर कारखाना तार ओवून शिशाचं सील मारतो. जुन्या बोटीत टॉर्च घेऊन नक्की बघण्यासारखी जागा ती. सील नसेल, तार नवीच असेल, किंवा स्क्रूच्या खाचेवर चकचकीत ओरखडे असतील तर कुणीतरी पंपाचं डिझेल वाढवलेलं आहे. का वाढवलं असेल? बोट ओढत नव्हती म्हणून. आणि ओढत का नव्हती? पंखा मोठा, किंवा हवा अपुरी, किंवा कोपर बुजलेला. मूळ दोष राहिला बाजूला, त्यावर जास्तीचं डिझेल ओतून थोडा वेग मिळवला आणि धूर पत्करला. नवा मालक मग त्याच पंपाचं कॅलिब्रेशन करून आणतो. बंगळूरच्या मायकोचं नाव बदलून बॉश झालं २००८ साली, पण बंदरावर हा पंप अजून ‘मायको पंप’च आहे आणि त्याचं कॅलिब्रेशन करणारे वर्कशॉप बहुतेक मोठ्या गावांत आहेत. पंप कारखान्याच्या आकड्यावर परत येतो, धूर जातो, आणि बोट पूर्वीसारखीच ओढत नाही. मग वर्कशॉपवाल्याला शिव्या. बिचाऱ्याने काम बरोबर केलेलं असतं.

टायमिंग उशिरा असणं, व्हॉल्व्हची फट चुकणं, कॉम्प्रेशन घटणं ही कारणं राहतात. ती क्रमाने शेवटची, कारण त्यांना वेळ, हत्यारं आणि जाणता माणूस लागतो. डिझेलमध्ये घालायच्या धूरनाशक बाटल्यांबद्दल मी इतकंच म्हणेन की हवेची तूट बाटलीत भरून मिळत नाही.

पेट्रोलवर चालणारी इनबोर्ड इंजिनं आपल्या मासेमारीत नाहीत, पण हौशी बोटींच्या जगात, विशेषतः अमेरिकेत, ती चिक्कार आहेत, आणि तिथून जुनी बोट आणणाऱ्याला मुंबई-गोव्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. जनरल मोटर्सचं ५.७ लिटरचं व्ही-८ मर्क्रूझर, व्होल्व्हो पेंटा, क्रुसेडर अशा कित्येकांनी समुद्रासाठी सजवून विकलं. ‘मिश्रण गडद’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, हा शब्दप्रयोग खऱ्या अर्थाने इथला. प्लग काढला की मखमलीसारखी कोरडी काळी काजळी दिसते, बोटीच्या मागच्या फळीवर काळा पट्टा उमटतो, पाण्यावर इंद्रधनुषी तवंग पसरतो.

इथे गाडीच्या मेकॅनिकची सवय दोन ठिकाणी दगा देते. पहिलं, बोटीच्या कार्बोरेटरच्या हवेच्या नळ्या आतल्या बाजूला वळवलेल्या असतात, म्हणजे फ्लोट अडकून पेट्रोल उतू गेलं तर ते इंजिनखोलीत न सांडता इंजिनच्या घशात जातं. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे, पण त्यामुळे गळती बाहेर दिसत नाही, फक्त मिश्रण गडद होतं. तसंच बोटीच्या यांत्रिक पेट्रोल पंपातून एक पारदर्शक नळी कार्बोरेटरकडे जाते. ती कायम कोरडी असायला हवी. तिच्यात पेट्रोल दिसलं तर पंपाचा पडदा फाटलाय, आणि त्या क्षणी इंजिन बंद करून पंप बदलायचा. जेट बदलत बसायचं नाही. इलेक्ट्रिक चोकची तार खारट हवेने कुजून तुटली की चोक अर्धवट मिटलेला राहतो. इंजिन गरम झाल्यावर झाकण काढून चोकची पाकळी उभी आहे का बघणं एवढीच तपासणी.

दुसरं, इंजेक्शनवाल्या बोटीत मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर शोधत बसतो. अमेरिकेत पर्यावरण खात्याचे कडक नियम २०१० पासून लागू झाले आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. त्याआधीच्या बहुतेक बोटींच्या इंजिनांत एक्झॉस्टमध्ये तो सेन्सरच नसे. कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधला दाब, पाण्याचं तापमान आणि आरपीएम अशा मोजमापांवर पेट्रोल ठरवतो. मिश्रण चुकलं तर त्याला कळत नाही आणि तो दुरुस्तही करत नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकला, किंवा कुणी ‘समुद्रात गरम होतं’ म्हणून काढूनच टाकला, तर कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन दिवसभर थंडच असतं आणि तो पेट्रोल वाढवून देत राहतो. प्रेशर रेग्युलेटरचा पडदा फाटला तर त्याच्या व्हॅक्यूम नळीतून कच्चं पेट्रोल थेट आत ओढलं जातं. ती नळी उपटून वास घेतला की कळतं. इथेही क्रम तोच. जेट आणि कॉम्प्युटरला हात लावण्याआधी फ्लेम अरेस्टर, म्हणजे हवेच्या तोंडावरची जाळी, धुवावा, थर्मोस्टॅट तपासावा, पंख्याचे आकडे वाचावेत.

पेट्रोलच्या गडद मिश्रणात एक धोका डिझेलपेक्षा फार मोठा आहे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बोट पुढे जाताना मागे तयार होणाऱ्या पोकळीतून तो केबिनमध्ये परत ओढला जातो. शिवाय ऑइलची काडी काढून पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर इंजिन आणखी एक मिनिटही चालवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते. इंजिन चालू करण्याआधी इंजिनखोलीचा ब्लोअर चार मिनिटं चालवायचा नियम त्यासाठीच आहे.

दोन इंजिनांच्या बोटीत निदान सोपं होतं. एकच धूर मारत असेल तर दोन्हीकडच्या सुट्या भागांची एकेक करून अदलाबदल करा आणि धूर कुठे जातो ते बघा. दोन्ही मारत असतील तर इंजिनं सोडा आणि पंखे, तळ, हवेच्या झडपा बघा. दोन पंप आणि बारा नोझल एकाच आठवड्यात बिघडत नाहीत.

विकत घेणाऱ्याने मागायची गोष्ट एकच, ओझ्याखालची समुद्रातली फेरी, आणि ट्रॉलर असेल तर जाळं पाण्यात टाकून. ती ३१ मेच्या आत जमवावी. बंदीच्या काळात सौदा करावाच लागला तर किमतीतला काही भाग ऑगस्टातल्या फेरीपर्यंत रोखून ठेवायची अट कागदावर घालावी. हिशोब सरळ आहे. शंभर अश्वशक्तीचं डिझेल इंजिन पूर्ण ओझ्यावर तासाला साधारण वीस लिटर पितं. त्यातलं दहा टक्के धुरात जात असेल तर दहा तासांच्या फेरीत वीस लिटर गेले. पंख्याचा पिच कमी करून घ्यायला बोट एकदा वर घ्यावी लागते, आणि बंदीत ती वर असतेच. म्हणून पंख्याचे आकडे, पाटीवरचं आरपीएम आणि गिअरचं रिडक्शन एका चिठ्ठीवर लिहून विकणाऱ्याच्या समोरच पंखा दुरुस्तीवाल्याला फोन लावावा आणि तो खर्च किमतीतून वजा करायला सांगावा.